ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा : बदलते अर्थकारण आणि रोजगाराचे स्वरूप

नवी मुंबईचा परिचय बहुधा 'नियोजित शहर' असा करून दिला जातो. परंतु 1970 साली सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वीच ठाणे खाडीच्या पूर्वेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारखान्यांचा पट्टा आकारास येऊ लागला होता. येथे उद्योग आधी आला, नगर नंतर. प्रस्तुत लेखात या पट्ट्यातील रोजगाराचे स्वरूप कसे पालटले, याचा विचार केला आहे.

1968 मध्ये सुरू झालेला नोसिलचा नाफ्था क्रॅकर हा देशातील आरंभीच्या पेट्रोरसायन प्रकल्पांपैकी एक. त्यातून मिळणाऱ्या इथिलीनवर शेजारचे कारखाने चालत. 1991 नंतर आयात शुल्क घटले. 1997 मध्ये हजिरा येथे वार्षिक साडेसात लाख टन क्षमतेचा क्रॅकर उभा राहिला. त्यापुढे लहान क्षमतेचा जुना प्रकल्प टिकणे अशक्य होते. त्या काळी शंभर वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यास शासनाची पूर्वपरवानगी लागे. साहजिकच अनेक व्यवस्थापनांनी स्वेच्छानिवृत्ती योजनांचा मार्ग अवलंबिला. (या योजनांत 'स्वेच्छा' कितपत होती, हा वेगळा प्रश्न.)

जमीन मात्र रिकामी राहिली नाही. महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोलीत माइंडस्पेस आणि अलीकडे रबाळे-महापे परिसरात डेटा सेंटरे आली. उद्योगांसाठी उभारलेली वीज व रस्त्यांची व्यवस्था त्यांना आयतीच लाभली. डेटा सेंटरला वीज अफाट लागते, माणसे मोजकीच.

या स्थित्यंतराचा खरा भार भूमिपुत्र आगरी-कोळी कुटुंबांवर पडला. शेती गेली, त्या बदल्यात कारखान्यातील नोकरीची अपेक्षा होती. अल्पशिक्षित तरुणही हेल्पर म्हणून लागून, काम शिकत, बॉयलर वा यंत्र चालविण्यापर्यंत पोहोचू शकत असे. नव्या कार्यालयांत ही शिडीच नाही. पदवी आणि इंग्रजी असेल तर आत संगणकापुढे जागा. नसेल तर पहारा, सफाई, उपाहारगृह किंवा कर्मचाऱ्यांची गाडी, तेही ठेकेदारामार्फत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील 1984 च्या आंदोलनानंतर सिडको प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना लाभली. त्यातून काही घरांत भाड्याचे उत्पन्न आले; परंतु भाडे म्हणजे रोजगार नव्हे.

ठेका बदलला की पुष्कळदा पहारेकरी तोच राहतो, गणवेश तेवढा बदलतो. सेवाकाल मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो.