विश्लेषण : ‘एच-इंडेक्स’वरून शास्त्रज्ञ मोठा ठरतो का?

जगात सर्वाधिक वेळा संदर्भ दिला गेलेला शोधनिबंध कोणता? आइनस्टाइन यांचा नाही आणि डीएनएच्या रचनेचाही नाही. प्रथिने मोजण्याची एक साधी पद्धत सांगणारा १९५१ मधील निबंध या यादीत पहिला आहे. विद्यापीठांतील नेमणुका आणि बढत्या आज याच संदर्भांच्या मोजणीवर अडतात, म्हणून हे गणित समजून घ्यायला हवे.

लाऊरी यांच्या निबंधात असे काय होते?

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ऑलिव्हर लाऊरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी द्रावणातील प्रथिनाचे प्रमाण निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची पद्धत दिली. प्रथिने तर प्रत्येक जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत मोजावी लागतात. ज्याने ती या पद्धतीने मोजली, त्याने लाऊरींचे नाव तळाशी लिहिले. ‘नेचर’ने २०१४ मध्ये अशा निबंधांची यादी दिली, तेव्हा या निबंधाचे संदर्भ तीन लाखांच्या पुढे गेले होते. हा काही थोर निबंध नव्हे, हे लाऊरी यांनीच १९७७ मध्ये कबूल केले होते. मात्र लोकांच्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, असेही ते म्हणाले.

दुसरा क्रमांक होता उलरिक लेमली यांच्या १९७० मधील निबंधाचा. त्याचा विषय जिवाणूंना ग्रासणाऱ्या टी४ विषाणूचा. पण बहुतेक संदर्भ मिळाले ते आकृतीखालच्या बारीक मजकुरात सांगितलेल्या, प्रथिने वेगळी करण्याच्या जेल पद्धतीला!

मग वॉटसन-क्रिक कुठे?

पहिल्या शंभरातही नाहीत. त्यासाठी तेव्हा किमान १२,११९ संदर्भ लागत होते; डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचे १९५३ मधील निबंधाचे संदर्भ होते ५,२०७. कारण उघड आहे. शोध पाठ्यपुस्तकात गेला की मूळ निबंधाचा संदर्भ कोणी देत नाही. पद्धत वापरणारा मात्र तो देतोच. म्हणजे संदर्भांची संख्या उपयोग मोजते; नव्या विचाराची उंची तिच्यात दिसेलच असे नाही.

एच-इंडेक्स कसा काढतात?

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक सुचवला. समजा, एका प्राध्यापिकेचे ४० निबंध आहेत. जास्त संदर्भांपासून कमी संदर्भांपर्यंत ते ओळीने लावले. बाराव्या निबंधाला १२ किंवा अधिक संदर्भ आहेत, पण तेराव्याला १३ पेक्षा कमी. तर त्यांचा एच-इंडेक्स १२. दोनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाच हजार संदर्भ मिळाले, तरी आकडा दोनच! शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही. गणितज्ञाची तुलना रेणवीय जीवशास्त्रज्ञाशी या आकड्यावरून करणे तर निव्वळ अन्याय आहे. जीवशास्त्रात संशोधक अधिक आणि संदर्भयाद्याही लांब. गूगल स्कॉलर आणि स्कोपस एकाच व्यक्तीचे वेगवेगळे आकडे दाखवतात, तेही मोजणीची व्याप्ती निराळी असल्यामुळे.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ ही वेगळी गोष्ट. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील निबंधांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढेच तो सांगतो. त्यावरून एखाद्या निबंधाची वा व्यक्तीची प्रत ठरवू नका, असे आवाहन २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रज्ञांच्याच परिषदेत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने केले.

आपल्याकडे काय घडले?

निबंधांची संख्या मोजू लागताच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आणली. तिच्या कामाचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२२ मध्ये पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने काढली आणि २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद केली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर आली आहे.

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आकड्याआधी लेखकांचा क्रम पाहावा. जीवशास्त्रात बहुधा पहिले नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे, तर शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. त्या मार्गदर्शकाचे नाव शेवटी असलेल्या निबंधांत पहिले नाव विद्यार्थ्यांचे दिसते का, हे तासाभरात तपासता येते.