घरातले ६१० आणि ६४१

ग्रंथालयात २५ वर्षे काढली की घरातले डबेदेखील क्रमांक मागू लागतात. आमच्या नंदुरबारच्या घरी गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी ड्यूईसाहेबांची १८७६ ची दशांश पद्धत थेट स्वयंपाकघरात नेली! खाण्याचे जिन्नस ६४१. घरभर पसरलेली औषधे ६१०, कपाटात, कुलपात. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

भाऊबीजेच्या रात्री मामंजींचा दमा उसळला. गावाबाहेर पथारींवर मिरची वाळत होती, वारा तिकडूनच. मी किल्ली शोधते आहे, तोवर सासूबाईंनी त्यांच्या उशाखालून दुसरा पंप काढलासुद्धा.

“मिरचीच्या दिवसांत तो इथंच असतो गं,” एवढेच त्या म्हणाल्या.

रंगनाथनांच्या कोलन पद्धतीत (पहिली आवृत्ती १९३३) विषयाबरोबर स्थळ नि काळही धरतात. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांच्या पाच सूत्रांतले चौथे. परीक्षेत मी दोन्ही लिहून आले होते. सासूबाईंनी परीक्षा दिली नव्हती, एवढेच!

कपाटाचे कुलूप मी काढून टाकले. ६४१ मात्र चालू आहे. फक्त हिंगाची डबी अजून सापडायची आहे.