बास गिटार कोणाला ऐकू येते?

गणेशोत्सव, नवरात्र, चौदा एप्रिलची जयंती, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात अशा निमित्तांनी कुठे ना कुठे वाद्यवृंद वाजत असतो. आपण सगळे त्याला ऑर्केस्ट्राच म्हणतो. गायक पुढे, एका बाजूला कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला ढोलकी आणि ऑक्टोपॅड. मागे ड्रमच्या शेजारी, बहुधा अर्धवट अंधारात, लांब मानेची चार तारांची गिटार घेऊन एक वादक उभा असतो. त्याच्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष नसते. त्याच्या हातातले वाद्य म्हणजे बास गिटार. गाण्याचा खर्ज सांभाळणे हे तिचे काम.

या वाद्याबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली खुद्द वादकाची : "मला माझेच वाजवणे ऐकू येत नाही." दुसरी मैदानापलीकडच्या सोसायटीतली : "गाणे कोणते ते कळत नाही, पण ती धुमधुम तेवढी घरात घुसते." वाद्यापासून दोन हातांवर असलेल्याला ते ऐकू येत नाही आणि दोनशे मीटरवरच्याला ते नको इतके ऐकू येते! दोघांपैकी एकाचे काहीतरी चुकते आहे असे आपल्याला वाटेल. पण दोघांचेही म्हणणे खरे असते. ते कसे, हे पाहताना माध्यमिक शाळेत ध्वनी या विषयात आपण जे शिकवतो त्यातले बरेचसे एकाच वाद्याच्या आधाराने समजून घेता येते.

तार जाड का?

बास गिटारच्या चार तारांची वारंवारता सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची असते ८२. म्हणजे बासची जाड तार तिच्याही एक पूर्ण सप्तक खाली बोलते.

तारेची वारंवारता तीन गोष्टींवर ठरते : लांबी, ताण आणि दर मीटरचे वजन. ती निम्मी करायची तर लांबी दुप्पट करावी, किंवा ताण एकचतुर्थांश करावा, किंवा वजन चौपट करावे. साध्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर असते. ती दुप्पट केली तर वादकाचा हात पुरणार नाही. ताण चौथाईवर आणला तर तार सैल पडून लाकडावर आपटत राहील. म्हणून बासमध्ये तडजोड केलेली असते. लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर, ताण कमी न करता उलट वाढवलेला, आणि त्याची भरपाई वजनाने. साध्या गिटारच्या जाड तारेचे वजन मीटरला सहा-सात ग्रॅम असेल, तर बासच्या जाड तारेचे तीस ग्रॅमच्याही वर जाते. मात्र एवढी जाड सलग सळई घेतली तर ती ताठ होऊन नीट वाजणार नाही. म्हणून आतली तार बारीक ठेवून तिच्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा टिकतो. डग्ग्याच्या कातड्यावरची शाईसुद्धा वजन वाढवून स्वर खाली आणण्याचे काम करते.

पेटी कुठे गेली?

नुसती तार हवेला फारशी हलवत नाही. म्हणून तंबोऱ्याला भोपळा लागतो आणि सतारीलाही. पाश्चात्त्य संगीतात खर्जासाठी डबल बास नावाचे वाद्य वापरत. पोकळ लाकडी पेटीचे ते वाद्य उभे केले की साधारण माणसाएवढे उंच. ते घेऊन गावोगाव फिरणे अवघड, आणि ड्रम व कर्ण्यांसमोर त्याचा आवाज दबून जाई. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. तिच्यात पेटी नव्हती, भरीव लाकूड होते. मानेवर पडदे बसवलेले असल्यामुळे स्वर अचूक लागत असे, आणि नावातल्या 'प्रिसिजन'चा अर्थ तोच.

मग आवाज येतो कोठून? तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वादक त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा फॅराडे यांचा १८३१ सालचा शोध. पुढचे काम अँप्लिफायर आणि स्पीकर करतात. या पिकअपवर नायलॉनची तार लावली तर काय होईल, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. (काहीही ऐकू येणार नाही.) भरीव लाकडाचा आणखी एक फायदा आहे. पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजाने स्वतःच कंप पावू लागते, तो कंप पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि कर्कश किंवा घुमणारी शिटी सुरू होते. भरीव लाकडात हे सहसा होत नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य लवकरच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ यांचे नाव जाणकार आजही घेतात. मुंबईचेच एक वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली बास गिटारऐवजी वापरण्यासाठी बनवलेले रोलंड टीबी-३०३ हे जपानी यंत्र घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. पुढे कित्येक लहान वाद्यवृंदांत खर्जाचे काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेले. एक माणूस कमी, एक मानधन कमी. पण खर्ज तारेतून येवो, यंत्रातून येवो की कीबोर्डातून, पुढचे भौतिकशास्त्र तेच राहते.

खर्जाला ताकद का लागते?

आपला कान सर्व स्वरांना सारखी वागणूक देत नाही. १००० हर्ट्झचा स्वर अगदी शून्याच्या आसपासच्या डेसिबललाही ऐकू येतो. ४० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यासाठी मात्र सुमारे ५० डेसिबल लागतात. म्हणजे हवेतला दाब तीनशे पटींनी जास्त हवा.

स्पीकरचीही अडचण आहे. तेवढाच दाब निर्माण करायचा आणि वारंवारता निम्मी असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. ४१० हर्ट्झऐवजी ४१ हर्ट्झ हवे असतील तर शंभरपट! म्हणून बाससाठी पंधरा किंवा अठरा इंची मोठे पडदे लागतात किंवा लहान पडदे चार-चार एकत्र लावावे लागतात. गिटारवाल्याचा अँप्लिफायर पन्नास वॉटचा असेल तर बासवाल्याला त्याच मंचावर तीनशे वॉटही पुरतील असे नाही. टेंपोत सर्वांत जड सामान त्याचे का असते, याचे उत्तर इथे मिळते.

वादकाला का ऐकू येत नाही?

आता पहिली तक्रार. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ८.४ मीटर येते. ३००० हर्ट्झच्या ध्वनीची फक्त साडेअकरा सेंटिमीटर. स्पीकरच्या पडद्यापेक्षा तरंग खूप मोठा असला की तो चारही दिशांना पसरतो. लहान असला की टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो.

बासचा स्पीकर जमिनीवर, वादकाच्या पायांमागे ठेवलेला असतो. बोट तारेवर पडल्याचा टक् आवाज आणि स्वराची ओळख पटवणारे वरचे स्वर सरळ जातात ते त्याच्या पोटऱ्यांवर. कानापर्यंत पोहोचते ती गोलगोल घुमणारी धुमधुम. तीही शेजारच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यात मिसळून जाते, कारण त्या ड्रमचा आवाजही साधारण त्याच पट्ट्यात असतो. शिवाय बंद सभागृहात समोरच्या भिंतीवरून परतलेले तरंग मूळ तरंगांत मिसळतात. काही जागी खर्ज फुगतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. वादक नेमका अशा मुक्या जागी उभा असला तर तो काय करणार? बटण फिरवून आवाज वाढवतो. मग ड्रमवाला जोरात वाजवतो, गायकाला आपला आवाज ऐकू येईना म्हणून साउंडवाला सगळेच वाढवतो.

याची किंमत कान मोजतो. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची प्रचलित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. कार्यक्रम मात्र तीन तासांचा असतो, आणि मंचासमोर पहिल्या रांगेत बहुधा लहान मुले बसलेली असतात.

शेजाऱ्याला का ऐकू येते?

दुसरी तक्रारही आता उलगडते. मंचावरून सगळेच स्वर बाहेर पडतात. वाटेत माणसांची गर्दी, मांडव, कुंपणाची भिंत, घराची भिंत आणि खिडकी. आखूड तरंगांना हे अडथळे अडवतात. आठ मीटरचा तरंग मात्र कुंपणाला वळसा घालून पुढे जातो. यालाच आपण विवर्तन म्हणतो. घराची भिंतही खर्जाला तितकीशी अडवत नाही. ढोबळ नियम असा, की वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची क्षमता सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे शब्द, चाल, ढोलकीची थाप वाटेतच गळून पडतात आणि खर्ज तेवढा खोलीत शिरतो. खिडकीच्या तावदानाची किंवा मांडणीवरच्या भांड्यांची स्वाभाविक वारंवारता त्याच्याशी जुळली तर तीही खडखडू लागतात.

मग तक्रार होते आणि आवाज मोजला जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. पण हे डेसिबल 'ए' प्रकारचे आहेत. 'ए' मोजणीत मीटर मानवी कानाची नक्कल करतो आणि खर्जाला कमी गुण देतो. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा, ४० हर्ट्झला सुमारे ३५ वजा. म्हणजे खोलीत ४० हर्ट्झचा ध्वनी ९० डेसिबल असला तरी मीटर ५५ दाखवील! मीटर बिघडलेला नसतो आणि शेजारी उगाच कुरकुरत नसतो. दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला किंवा आजारी माणसाला होणारा त्रास त्या आकड्यात पुरता उतरत नाही, एवढेच. मीटरवर 'सी' मोजणीची सोय असते, तिच्यात खर्जाची वजावट फारच कमी असते. दोन्ही आकडे लिहून ठेवले आणि 'सी'चा आकडा बराच मोठा आला, तर आवाजात खर्ज जास्त आहे हे ताबडतोब कळते.

कानाची युक्ती

दोन्ही तक्रारींवर एकच उपाय निघतो, आणि तो आपल्या कानातच आहे. ४१ हर्ट्झची तार छेडली की तिच्यातून ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही निघतात. त्यांच्यातले अंतर दर वेळी ४१ असते. मूळ ४१चा स्वर काढून टाकला, तरी कान आणि मेंदू मिळून या अंतरावरून तो ओळखतात आणि आपल्याला खर्जच ऐकल्यासारखे वाटते. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. तरीही त्यावर गाणे लावले की बासची चाल गुणगुणता येते, ती यामुळेच.

अनुभवी वादक हेच करतात. ते अगदी खालचा खर्ज वाढवण्याऐवजी थोडा कापतात आणि २०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा किंचित उचलतात. स्पीकर खुर्चीवर ठेवतात किंवा मागे कलता करून कानाकडे रोखतात. खोलीच्या कोपऱ्यात तो ठेवत नाहीत, कारण तिथे दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. आवाज न वाढवता स्वर स्पष्ट होतो, आणि भिंती भेदून जाणारा भाग कमी होतो.

वर्गात करून पहा

१. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर गाण्याला जोडा. आवाज पत्र्यासारखा, खर्ज नसलेला येईल. पडद्याच्या पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते आणि दोन्ही एकमेकींना खोडून काढतात. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरएवढे भोक पाडून स्पीकर त्यावर धरा. खर्ज परत येईल. स्पीकरला पेटी का लागते, ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

२. शाळेच्या ध्वनिक्षेपकावर १०० हर्ट्झचा एकच स्वर हळू आवाजात लावा. मोबाइलवर असा स्वर देणारी ॲप्स फुकट मिळतात. मुलांना वर्गात सावकाश चालायला सांगा. काही जागी स्वर मोठा, तर पाऊण-एक मीटर सरकल्यावर बारीक वाटेल. अशा जागा खडूने जमिनीवर मांडा. दोन बारीक जागांमधले अंतर मोजून दुप्पट केले की तरंगलांबी मिळते. उत्तर साडेतीन मीटरच्या जवळ यायला हवे.

३. मोबाइलच्या स्पीकरवर आधी ४१ हर्ट्झचा स्वर लावा, मग बास स्पष्ट असलेले एखादे चित्रपटगीत. स्वर ऐकू येणार नाही, गाण्यातली बास मात्र ऐकू येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या.

शाळेच्या स्नेहसंमेलनात साउंडवाल्याला सूचना देण्याचा अधिकार आपल्याच हाती असतो. स्पीकर कुठे ठेवायचे, खर्ज किती ठेवायचा आणि पहिली रांग मंचापासून किती दूर लावायची, हे त्या दिवशी नववीच्या मुलांना मोजून ठरवू द्यावे. कुंपणापलीकडच्या घरांत जाऊन आत काय ऐकू येते, याची नोंदही त्यांनीच करावी.