विश्लेषण : जुनाट दुखणे असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर जास्त वेदना का होतात?

गुडघ्याचे सांधेरोपण झालेले दोन रुग्ण एकाच वॉर्डात असतात. एक दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालू लागतो. दुसरा तेवढ्याच औषधांवर कण्हत राहतो. ‘यांना सहनच होत नाही,’ असे म्हणून नातेवाईक मोकळे होतात, कधी कधी कर्मचारीही. पण दुसऱ्याला अनेक वर्षे कंबरदुखी असेल, तर कारण स्वभावात नव्हे, मज्जासंस्थेत असू शकते.

मज्जासंस्थेत काय बदलते?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते. वेदनेचे संदेश सतत येत राहिले, की मज्जारज्जूतील चेतापेशी अतिसंवेदनशील होऊ शकतात. मग हलका स्पर्शही दुखतो. अशात शस्त्रक्रियेच्या जखमेची भर पडते.

आधीच्या औषधांचे काय?

खरा पेच इथे आहे. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच दीर्घकाळ वापरणाऱ्यांच्या शरीराला त्याची सवय होते आणि शस्त्रक्रियेनंतरचा नेहमीचा डोस अपुरा पडतो. ही औषधे अचानक बंद केल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. त्यामुळे मूळ डोस साधारणपणे चालू ठेवून वरची वेदना वेगळी हाताळली जाते. अर्थात, भूलतज्ज्ञाला ते माहीत हवे. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. ‘व्यसनी’ ठरण्याच्या भीतीने गोळ्या लपवणारा रुग्ण स्वतःचेच हाल वाढवतो.

मग उपाय कोणते?

एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा अनेक मार्ग एकत्र वापरले जातात : पॅरासिटामॉल, गुडघ्याकडे जाणारी नस बधिर करणारा ब्लॉक, निवडक रुग्णांत अल्प मात्रेतील केटामाइन. मूत्रपिंड कमजोर असेल तर डायक्लोफिनॅकसारखी औषधे टाळावी लागतात. प्रीगॅबालिन आणि अफूवर्गीय औषधे एकत्र दिल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. वृद्धांमध्ये आणि फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये तो अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता.

रुग्णाने काय विचारावे?

भूलपूर्व तपासणीला जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा सोबत न्यावीत. नावे आठवत बसण्यापेक्षा ते बरे. वेदना पूर्ण शून्यावर येईल, ही अपेक्षा नको. खोकता, बसता, चालता येणे हे पहिल्या दिवसांचे उद्दिष्ट असते. घरी सोडताना वाढवलेली औषधे कोणत्या तारखेपर्यंत, कशी कमी करायची आणि त्यासाठी कोणाला भेटायचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.