दोन वर्षांचा खेळ, दोन बोटांचे चित्र

विशेष प्रतिनिधी

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळावयाचा एखादा छोटा खेळ तयार करण्यात दोन-तीन माणसांची दोन-दोन वर्षे सहज खर्ची पडतात. नोकरी सांभाळून रात्री जागवल्या जातात, प्रसंगी घरची शिल्लक मोडली जाते. मग एके दिवशी तो खेळ ऑनलाइन दुकानात विक्रीस येतो आणि त्याचे भवितव्य दोन बोटे रुंदीच्या एका चित्रावर येऊन ठेपते. ग्राहकाने त्या चित्रावर क्लिक केले तरच पुढची गोष्ट. अन्यथा खेळ कितीही चांगला असो, तो उघडून पाहणारा कुणी नसतो.

या चित्राला ‘कव्हर आर्ट’ म्हणतात. ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या दुकानाच्या भाषेत ते ‘कॅप्सूल’. मोठ्या कंपनीच्या भांडवलाविना स्वतंत्रपणे तयार होणाऱ्या ‘इंडी’ खेळांच्या बाबतीत, त्यातही घटकाभर विरंगुळा म्हणून खेळल्या जाणाऱ्या ‘कॅज्युअल’ खेळांच्या बाबतीत, हे चित्र हीच प्रमुख जाहिरात असते. स्टीमवर २०१७ पासून प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरून कुणालाही आपला खेळ ठेवता येतो. एकट्या २०२४ या वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले; म्हणजे दिवसाला सुमारे ५०. या गर्दीत आपला खेळ कुणाच्या नजरेस पडावा कसा, हा खरा प्रश्न आहे.

टीचभर जागेचे गणित

स्टीमसाठी सध्या द्यावयाच्या मुख्य आडव्या चित्राचा आकार ९२० बाय ४३० पिक्सेल असतो. याद्यांमध्ये दिसणारे छोटे चित्र ४६२ बाय १७४ पिक्सेलचे द्यावे लागते आणि त्यावरून दुकान आणखी लहान आवृत्त्या तयार करते. त्यांतील सर्वांत लहान आवृत्ती अवघी १२० बाय ४५ पिक्सेलची. ‘इच डॉट आयओ’ या इंडी खेळांच्या दुकानात ६३० बाय ५०० पिक्सेलचे चित्र सुचविले जाते. ‘गूगल प्ले’वर ५१२ बाय ५१२ चे चौकोनी चिन्ह लागते आणि त्याचे कोपरे दुकानच गोल करून घेते.

नवख्यांची पहिली चूक येथेच होते. चित्र मोठ्या पडद्यावर, मोठ्या आकारात रंगविले जाते आणि तेथे ते देखणे दिसते. लहान होताच चेहऱ्यावरचे भाव, पार्श्वभूमीतील झाडे, पाच-सहा पात्रांचा मेळा या साऱ्यांचा एकच गोळा होतो. म्हणून क्रम उलटा हवा. कल्पना आधी लहान चौकटीत रेखाटावी; तेथे ओळखू आली तरच मोठी करावी. एक ठळक आकृती, एक नाव आणि दोहोंना मोकळा श्वास घेता येईल इतकी रिकामी जागा, एवढे पुरेसे असते. खेळातील एखादे दृश्य जसेच्या तसे उचलून चित्र म्हणून लावणे तर टाळावेच. ते दृश्य खेळण्यासाठी रचलेले असते, दुरून ओळखण्यासाठी नव्हे.

ओळख पटली पाहिजे

चित्राचे काम सुंदर दिसणे एवढेच नाही. ‘हा कोणत्या प्रकारचा खेळ आहे आणि तो माझ्यासाठी आहे का’ या दोन प्रश्नांचे उत्तर त्याने क्षणात द्यावयाचे असते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ पुराणकथांवर बेतलेला, लढाईचा आहे. तशा खेळाच्या चित्राला शस्त्र, आवेश आणि भव्यता शोभते. शब्दांची कोडी सोडविण्याच्या किंवा खोली आवरण्याच्या खेळाला तोच थाट दिला, तर लढाईचे शौकीन निराश होऊन परततात आणि निवांत खेळ शोधणारे तेथे फिरकतच नाहीत.

यशस्वी खेळांची चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ‘मिनी मेट्रो’ या २०१५ च्या खेळात भुयारी रेल्वेचे मार्ग आखावयाचे असतात. त्याची ओळख नकाशावरील जाड रंगीत रेषांतूनच होते. ऑस्ट्रेलियातील ‘हाउस हाउस’ या छोट्या चमूच्या ‘अनटायटल्ड गूस गेम’मध्ये (२०१९) एक खोडकर हंस गावाला भंडावून सोडतो, चित्रातही मान आहे तो त्या पांढऱ्याशुभ्र हंसालाच. एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून २०१६ मध्ये आणलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’च्या नावाची अक्षरे लाकडी आहेत. हा शेतीवाडीचा, संथ लयीचा खेळ आहे, हे त्यावरूनच कळते. तिन्ही ठिकाणी खेळात जे करावयाचे आहे, त्याचाच अंश चित्रात आला आहे.

अक्षरांची निवड

नाव वाचता आले नाही, तर चित्र निम्मे वाया गेले असे समजावे. बारीक, वळणदार अक्षरे लहान आकारात पुसून जातात. अक्षरे जाड असावीत आणि पार्श्वभूमीपासून उठून दिसावीत. स्टीमच्या पानांची पार्श्वभूमी गडद निळसर आहे. चित्राच्या कडाही तशाच गडद असतील तर ते पानातच विरघळून जाते.

गूगल प्लेवर खेळाची माहिती मराठीतही देता येते. जाहिरातीच्या रुंद चित्रात देवनागरी नाव लिहावयाचे झाल्यास वेगळी काळजी घ्यावी लागते. वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली, अशी जास्तीची उंची देवनागरीला लागते. इंग्रजी नावापुरत्या आखलेल्या पट्टीत मराठी नाव बसविले, तर मूळ अक्षर बारीक होते. त्यासाठी मांडणीच नव्याने करावी.

दुकानाचे नियम

स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून या चित्रांसाठी कडक नियम लागू केले. चित्रावर केवळ खेळाचे चित्रण, त्याचे नाव आणि अधिकृत उपनाव एवढेच चालते. परीक्षणातील गुण, पुरस्कारांची नावे, सवलतीची घोषणा यांना मज्जाव आहे. खेळात नवी भर पडल्यास ते सांगणारे वेगळे चित्र महिनाभरापुरते लावता येते. नियम मोडल्यास दुकानातील ठळक जागा आणि अधिकृत सवलत-महोत्सव यांना मुकावे लागू शकते. गूगल प्लेवरही चिन्हावर ‘क्रमांक एक’ किंवा ‘मोफत’ असे लिहिण्यास मनाई आहे.

चित्रकाराशी बोलणी

स्वतःचा हात चित्रकलेत बसलेला नसेल, तर या एका कामासाठी व्यावसायिक चित्रकार नेमणे हा वायफळ खर्च नव्हे. त्याला खेळाडू नेमके काय करतो ते एका वाक्यात सांगावे, त्याच जातकुळीच्या पाच-सहा खेळांची चित्रे दाखवावीत आणि लागणाऱ्या सर्व आकारांची यादी आधीच द्यावी. पार्श्वभूमी, पात्र व नाव यांचे थर वेगवेगळे मागून घ्यावेत. आडव्या चित्रातून ६०० बाय ९०० चे उभे चित्र करताना त्यांची फेरमांडणी करावी लागते. हक्कांचा करार लेखी असावा.

तयार चित्राची परीक्षा घरच्या घरी घेता येते. दुकानाच्या पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील इतर खेळांच्या रांगेत आपले चित्र डकवावे. खेळाविषयी काहीही ठाऊक नसलेल्या पाच माणसांना ते दोन सेकंद दाखवून ‘यात काय करायचे असेल?’ एवढेच विचारावे. आप्तेष्टांना ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. रंग काढून चित्र करड्या छटांत पाहिल्यास आकृती उठून दिसते की नाही, तेही कळते. पुढे गूगल प्लेवर दोन चित्रांची प्रत्यक्ष तुलना करण्याची सोय आहे. चित्र किती जणांना दिसले आणि त्यांपैकी किती जण पानावर आले, याचे आकडे स्टीमही देते.

चित्र म्हणजे दिलेला शब्द

एवढे सारे करताना एक मोह आवरावा लागतो. जे खेळात नाही ते चित्रात दाखविले, तर लोक येतात; पण तितक्याच वेगाने परतही जातात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मागता येतात. फसवले गेल्याची भावना परीक्षणांतून उमटते आणि ती पुढच्या ग्राहकालाही वाचावयास मिळते. विरंगुळ्याच्या खेळाचा ग्राहक दिवसभराच्या कामाने थकलेला असतो. त्याला अर्धा तास निवांत हवा असतो. तो अर्धा तास येथे मिळेल, असा शब्द हे चित्र देते. तो शब्द खेळाने पाळला, तर दोन वर्षांच्या कष्टांचे मोल होण्याची संधी तरी मिळते.