प्रकाशाची पांढरी आणि साखरेची वसाहत

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरात वारसा शोधायला कोणी जात नाही. ही साखर कारखान्याची वसाहत. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, भोवती कामगारांची घरे झाली आणि संस्थापक पी. के. अण्णा, म्हणजे पुरुषोत्तम पाटील, यांचे नाव गावाला मिळाले. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरची गर्दी आणि मळीचा वास हीच गावाची ओळख. पर्यटनाच्या पुस्तकाला यात काय दिसणार?

याच तालुक्यात, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशा आहे. भाविकांसाठी ती दक्षिण काशी. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही मंदिरे, दर बारा वर्षांनी भरणारी सिंहस्थाची यात्रा, आणि काशीला जाऊन आलेल्याचीही प्रकाशाला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही ही श्रद्धा. पुरातत्त्वज्ञांना मात्र इथे देवळांपेक्षा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडाने ओढून आणले. 1955 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीचे चार कालखंड एकावर एक रचलेले सापडले. सर्वांत तळाचा थर ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. गारगोटीची बारीक हत्यारे वापरणारे हे लोक शेती करणारे होते.

त्यांची खापरे अधिक बोलकी आहेत. तळाच्या थरात माळव्याच्या धाटणीची रंगीत भांडी मिळाली. त्यानंतर दख्खनमधल्या जोर्वे पद्धतीची. त्यांच्याच सोबतीला गुजरातेत सापडणारी चकचकीत तांबडी भांडी. पुढे लोखंड वापरणाऱ्या काळात उत्तर भारतातली काळी झिलईदार खापरेही इथवर पोहोचली. तेव्हाही माळवा, गुजरात आणि दख्खन यांचा सांधा तापीच्या या वळणावर जुळलेला होता. खानदेशाला आडवाटेचा मुलूख समजणाऱ्यांनी ही खापरे एकदा जरूर पाहावीत.

तो सांधा नंतरही सुटला नाही, फक्त गाव बदलले. मोगल काळात सुरत बंदरातला माल बऱ्हाणपूरकडे जाई तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकात याच रस्त्याने गेला आणि त्याने टप्प्यांची नावे नोंदवून ठेवली. सुरतेहून निघाल्यावर त्यातला सुरुवातीचा एक टप्पा होता बारडोली. 1666 मध्ये इंग्रजांनी नंदुरबारला वखार घातली. व्यापाऱ्याला जिथे नफा दिसतो तिथेच तो भाड्याने जागा घेतो, त्यामुळे त्या काळच्या नंदुरबारची ऐपत सांगायला वेगळा दाखला नको.

व्यापाराच्या वाटेवरचे गाव एका भाषेचे राहत नाही. नंदुरबारच्या बाजारात मराठी, अहिराणी, गुजराती, भिली कानावर पडतात. शहाद्याकडे गुजर कुटुंबांत गुजरी चालते, सातपुड्यात पावरी. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात गेले. ही नावे वाचली तरी गावाची ही मिश्र घडण कळते.

आता पुन्हा साखरेकडे.

कारखान्याभोवती वसलेल्या गावांना वारसा मानायला जगाने बराच वेळ घेतला. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्ट या लोकर गिरणीच्या मालकाने 1851 पासून सॉल्टेअर वसवले: एअर नदीकाठी गिरणी, कामगारांसाठी दगडी घरे, शाळा, दवाखाना, चर्च. गुत्ता मात्र नाही, कारण मालकाला तो नको होता! इटलीत क्रेस्पी द'अद्दा हे सूतगिरणीचे गाव असेच क्रेस्पी घराण्याचे. युनेस्कोने क्रेस्पी 1995 मध्ये आणि सॉल्टेअर 2001 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले. राजवाड्यांच्या रांगेत चाळी आणि धुराडी जाऊन बसली.

महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी, वालचंदनगर ही नावे याच घराण्यातली, मालकाच्या नावाची. सहकारी कारखान्यांची गोष्ट निराळी. 1950 च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती प्रवरानगर वाढले. पुढे राज्यभर अशी नगरे झाली. सॉल्टेअरमध्ये गिरणी एका माणसाची. इथे कागदोपत्री ती शेअर घेतलेल्या हजारो शेतकऱ्यांची, एका सभासदाला एक मत. गावाला नाव मात्र कधी कधी, पुरुषोत्तमनगरसारखे, एका नेत्याचे मिळते. सहकाराचे वेगळेपण आणि त्यातला ताण, दोन्ही त्या पाटीवरच दिसतात.

पुरुषोत्तमनगरचा वारसा कोणी लिहायला घेतला तर त्यात तापीवरच्या सहकारी उपसा सिंचन योजना याव्या लागतील, कारण नदीचे पाणी वर चढल्याशिवाय ऊस आला नसता. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि जुने वार्षिक अहवालही लागतील. यातली बरीच कागदपत्रे कपाटात असतात आणि रद्दीच्या गाडीला कपाट कळत नाही.

आणि शहाद्याच्या जमिनीची गोष्ट टाळता येणार नाही. भिल्ल कुटुंबांच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मोठा लढा झाला. अंबरसिंग महाराजांनी आदिवासींना एकत्र केले, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि मजुरीच्या प्रश्नावर बायकाही रस्त्यावर आल्या. उसाचे हिरवे शिवार आणि हा लढा एकाच तालुक्याचे आहेत. एक सांगून दुसरे वगळले तर इतिहास अर्धा राहतो.

उसाच्या हंगामात आणखी एक स्थलांतर चालते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. खानदेशातले असे हजारो कोयते दर दिवाळीच्या सुमारास घरदार आवरून, पोराबाळांसह दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांकडे तोडणीला जातात आणि उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहतात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकापासून त्यांच्यावर विस्ताराने लिहिले. ते मजूर त्यांना भेटले ते बारडोलीला, ताव्हेर्नियेच्या त्याच टप्प्यावर.