मीटरच्या पलीकडचं स्मार्ट ग्रीड

उन्हाळी धानाच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात विजेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी येतं: "स्मार्ट ग्रीड म्हणजे तो नवा मीटर, आणि नवा मीटर म्हणजे बिल दुप्पट." यातले दोन्ही समज चुकीचे आहेत.

आधी ग्रीडचं पाहू. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल ५० हर्ट्झच्या वारंवारितेवरून कळतो. तो बिघडला की काय होतं, हे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाने पाहिलं. आधी उत्तर भारत आणि दुसऱ्या दिवशी त्यासोबत पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला.

हा तोल डोळ्यांना दिसावा, यासाठी आयुष्य वेचणारे संशोधक म्हणजे १९३८ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ मध्ये त्यांच्या गटाने 'फेजर मेजरमेंट युनिट' हे यंत्र घडवलं. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उपकेंद्रांतली विजेची लाट उपग्रहाच्या घड्याळावर, नेमक्या एकाच क्षणी मोजायची, ही त्यामागची कल्पना. त्याआधी नियंत्रण कक्षात येणारे आकडे मागे-पुढे क्षणांचे असत, त्यामुळे पूर्ण चित्र कधी जुळत नसे. या कामासाठी फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना २००८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. म्हणजे ग्रीडला शहाणपण आलं ते उपकेंद्रांतून. घरचा मीटर हे त्याचं अगदी शेवटचं टोक आहे.

आता नवा मीटर जास्त पळतो का? जुन्या मीटरसारखीच अचूकतेची कसोटी त्यालाही लागू आहे. मात्र जुना, चकती झिजलेला मीटर हळू फिरत असेल, तर नव्यावर आकडा वाढलेला दिसतो, हे खरं. तरीही शंका असेल तर २०२४ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून द्यावा लागतो आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहिले जातात. हा हक्क प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून लिहावा, असं मला मनापासून वाटतं. "आधी पैसे भरा, मग वीज" ही भीतीही सर्वसामान्य घरांपुरती तरी उरलेली नाही. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने अशा घरांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. उलट १ जुलै २०२५ पासून नवा मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. मीटर वेळ नोंदवतो म्हणूनच ती देता येते.

छतावर सोलर असलं की लाइन गेली तरी घरात दिवे लागतात, हाही असाच एक समज. बॅटरी नसलेली साधी जोडणी लाइनसोबतच बंद होते. तशी ती व्हायलाच हवी, कारण त्या वेळी खांबावर लाइनमन चढलेला असू शकतो.

आता पुन्हा त्या ८० पैशांकडे. ही सवलत दिवसाच का, याचं उत्तर उन्हात आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, म्हणून वापर दुपारकडे सरकवायचा. अभ्यासक याला मागणी व्यवस्थापन म्हणतात, पण आपल्याकडे त्याचा अर्थ याहून फार मोठा आहे. शेतीला मोटर चालवणारं थ्री फेज बऱ्याचदा रात्रीचं मिळायचं, कारण रात्री इतर मागणी कमी आणि कोळशाची केंद्रं मात्र चालूच. उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी तर उभं राहायलाच हवं. कोका, नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शेतकऱ्याने मध्यरात्री टॉर्च घेऊन मोटर सुरू करायला जायचं म्हणजे साप आणि वाघ या दोघांच्या वाटेवरून जायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० शेतीचे फिडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसाच्या सौर विजेवर आणते आहे, ती म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

त्यावरची शंका: "ढग आले की मोटर बंद." तसं होत नाही. सौर प्रकल्प उपकेंद्राला जोडलेला असतो आणि कमी पडलेली वीज ग्रीडमधूनच येते. शिवाय पावसाळ्यात पंपाची खरी ओढ लागते ती पावसाने खंड दिल्यावर, रोवणी झालेल्या बांधीला भेगा पडू लागल्यावर. त्या दिवसांत आभाळ बहुधा मोकळंच असतं.